बाबा मिठी मारतो

इस्मतखाला ऐकत असल्या की झोपल्यासारख्या दिसायच्या. डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित हलणारे. सौदीत अल-खोबरच्या एका हॉस्पिटलात त्या दुभाषी होत्या आणि त्यांच्या या तंद्रीची तिथे भरपूर टिंगल चालायची. मीही करायचे. आमच्या इमारतीत त्या आमच्याच मजल्यावर राहायच्या. गॅसवर सुरमईचं कालवण ठेवून खिडकीतून समुद्र बघत बसायच्या, आणि करपल्याचा वास आला की त्यांचे यजमान मुनाफभाई निमूटपणे खाली खबूस रोट्या आणायला जायचे.

श्रीवर्धनहून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अरबीचा गंध नव्हता. शेजारणींमध्ये बसून शिकल्या. "भाषेला घाई करून चालत नाय गो," त्या म्हणायच्या. "भरतीच्या पाण्यासारखी ती आपणहून पायाशी येते."

ती निताकातची वर्षं होती. नोकरी आधी सौदी माणसाला, असा कायदा झाला आणि आमच्या ओळखीतल्या घराघरांत सामानाची बांधाबांध सुरू झाली. खालांच्या हॉस्पिटलात अस्मा नावाची सौदी मुलगी समाजसेविका म्हणून लागली. घरात मुलाला मारहाण होते असा संशय आला तर कळवायचंच, हा नवा नियम ती हट्टाने पाळायची. पूर्वी असलं सगळं 'घरचा मामला' म्हणून सोडून देत. खालांकडून ऐकूनच मला ती पोर मनापासून आवडायची.

एक दिवस पारू नावाची चिमुरडी हात मोडून आली. पलंगावरून पडली, असं आईबाप म्हणाले. बाप नागेश अबकैकच्या तेल प्रकल्पात इंजिनियर, आई अमिता घरीच. पारूला मराठीखेरीज काही येत नव्हतं. खाला रजेवर, म्हणून वॉर्डबॉय सिराजुद्दीनला मध्ये घातलं. बाबा काय करतो, या प्रश्नाला पारू म्हणाली, "मिठी मारतो." लखनौच्या त्या भल्या माणसाने मिठीची मुठ्ठी केली आणि सांगून टाकलं, बाप मुठीने मारतो! अस्माने पारूला घरी सोडायचं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी खाला आल्या. पारूने तेच उत्तर दिलं आणि खालांना हसू फुटलं. त्यांनी स्वतःच्याच खांद्यांभोवती हात गुंडाळून अस्माला मिठी दाखवली. अस्माही हसली आणि तिने पेनाला टोपण लावलं. सिराजुद्दीन कान पकडत बाहेर धावला, नागेशला सांगायला.

खाला मात्र उठल्या नाहीत. पडद्यातून पिवळट ऊन झिरपत होतं, एसी घुमत होता, आणि त्यांची नेहमीची तंद्री लागली होती. पारू त्यांच्या मांडीवर डोकं टेकून पेंगुळली. मग अर्धवट झोपेत, गोष्ट सांगावी तशी पुटपुटली, "आधी मारतो. मग मी रडते. मग मिठी मारतो."

अस्माला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. नागेशची नोकरी जाणार, इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपत आलाय, हे खालांना ठाऊक होतं. एवढं वाक्य गिळलं असतं तर कुणाला पत्ता लागला असता?

"आपलीच माणसं गो," त्या नंतर मला म्हणाल्या. "वाटलं, म्हणावं की मला ऐकूच आलं नाय."

पण त्यांनी सांगितलं. अरबीत मारायला एक शब्द आहे, मिठीला दुसरा, आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. खालांनी दोन्ही सांगितले, पारूने सांगितले त्याच क्रमाने.

त्या बाहेर आल्या तेव्हा नागेश डोळे पुसत उभा होता. "ताई, सांगितलंत ना, मी मिठी मारतो म्हणून?"

"सांगितलं. त्याच्या आधीचं पण सांगितलं."

त्याचा चेहरा उतरला. बाकावर बसलेली अमिता उठली. त्याच्याकडे न बघता त्याला वळसा घालून खोलीत गेली, पारूपाशी, आणि तिने दार आतून लावून घेतलं.