पाय कुठं गेले?

कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा मी धसईच्या पुढच्या एका गावात शाळामास्तर होतो. शहापूरला जंगलखात्यातले एक साहेब होते. त्यांच्या मुलांना मी सुट्टीत मराठी शिकवत असे. बदली होऊन जाताना त्यांनी आपला जुना डबा कॅमेरा मला दिला. फिल्म कशी भरायची तेवढं दाखवलं आणि ते गेले.

पहिला रोल संपला आणि मला धीर धरवेना. आत काय उमटलंय ते बघायला मी तो ओसरीवर, भर उन्हात उलगडला. दिसलं काहीच नाही. कल्याणच्या फोटोवाल्यानं तो धुऊन काळाठिक्कर परत दिला आणि हसत सांगितलं की उजेड लागला तर सगळं जातं. चित्र उमटवतो तोही उजेड आणि पुसतो तोही उजेड, हे मला फार नवलाचं वाटलं. फोटो धुणं-छापणं मी पुढे त्याच्याकडूनच शिकलो.

तेव्हापासून शिकवता शिकवता मी उजेडच बघत राहायचो. वर्गात दाराशी बसणाऱ्या मुलांच्या एका गालावर ऊन असे, दुसरा सावलीत. त्यांचे चेहरे भरीव दिसत. मधल्या रांगेतले सपाट. मग ज्याचा फोटो काढायचा त्याला मी दाराशी बसवू लागलो. माणसांचे फोटो काढायला मी शिकलो तो एवढ्यावरच.

जवळच्या ठाकूरवाडीत एक म्हातारी होती. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौकाची चित्रं काढायला तिलाच बोलावत. तिचा चेहरा मला फार आवडायचा. एकदा तिला तिच्याच दाराशी बसवून मी फोटो काढला आणि कागदावर छापून तिला नेऊन दिला. माझ्या मते तोवरचा माझा सर्वांत चांगला फोटो तोच होता.

तिनं तो जवळ धरून बघितला, उलटून मागची बाजू बघितली, आणि विचारलं, "मास्तर, माझे पाय कुठं गेले?"

चेहरा मोठा यावा म्हणून तेवढाच भाग घेतला, असं मी सांगितलं. मला भिंतीपाशी नेऊन तिनं आपली चित्रं दाखवली. बोटाएवढी माणसं, पण प्रत्येकाला दोन पाय, पायाखाली जमीन, शेजारी झाड, गाय, घर.

"कुठं उभा हाय ते नाय कळलं, तर मानूस कोन ते कसं कळंल?" ती म्हणाली.



पुढे दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली आणि फिल्म मिळेनाशी झाली. तरी मी रिकामा कॅमेरा घेऊन माळावर, बांधावर हिंडायचो. कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत माणूस बघायचा, मग मागं मागं सरत जायचं. त्याचं शेत, त्याचं घर, वरचा डोंगर आत येईपर्यंत. लोकांना वाटे, मास्तर फोटो काढतोय, आणि ते ताठ उभे राहत. आत फिल्म नाही हे सांगायला मला संकोच वाटायचा.

लढाई संपल्यावर फिल्म मिळाली तसा मी वाडीवर गेलो. म्हातारी नाचणीच्या शेतात उभी होती. मी उतारावर बराच लांब गेलो आणि फोटो घेतला. छापला तेव्हा ती नखाएवढी आली होती, पण पायांसकट.

या खेपेला तिनं स्वतःकडे फारसं बघितलंच नाही. बोट फिरवत ती बांध, जांभूळ, शेजाऱ्याचा गोठा ओळखत गेली. मग एका जागी थांबली.

"माझ्या घरातून धूर निघतोय. म्हंजे सून तवा घरी आली व्हती."

मी वाकून बघितलं. कौलांवर खरंच एक फिकी रेघ होती. तो फोटो मी घेतला, मी धुतला, मी छापला, आणि ती रेघ मला दिसली नव्हती.

घरी येऊन मी भिंग काढलं, आणि आजवरचे सगळे फोटो पहिल्यापासून बघायला बसलो.