गॅरेथच्या बदल्यात नीलिमा

परवा लेकीसाठी नवा बास्केटबॉल आणला. त्याच्या रबराचा वास आला आणि मी वीसेक वर्षं मागे, इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या क्रीडासंकुलात जाऊन पोचलो.

तिथे आम्हा आयटीवाल्यांच्या टीम्स दर शनिवारी खेळायच्या. मी एका टीमचा कॅप्टन. सीझनच्या मध्यातच मी आमची नीलिमा दुसऱ्या टीमला देऊन त्यांचा सव्वासहा फुटी गॅरेथ घेतला. प्रॅक्टिसला नीलिमाचा नेम सहसा चुकत नसे, पण मला उंची हवी होती.

"त्याला बास्केट टाकता येते का?" बुटांच्या नाड्या सोडत तिने विचारलं.

"शिकेल गं."

ती हसली आणि बूट बॅगेत टाकून निघाली.

पुढच्याच मॅचला तिने गॅरेथच्या उंचावलेल्या हातांवरून लांबून बास्केटमागून बास्केट टाकल्या. आम्ही सपाटून हरलो. मी तिला गाठलं. "आमच्याकडे अशी का नाही खेळलीस?"

"अरे, इथे मला पास मिळतो."

तेव्हा तो टोमणा वाटला होता. आता कुतूहलाने ते सगळे शनिवार आठवून बघतो. हात वर करून मोकळी उभी असलेली नीलिमा स्पष्ट दिसते. मी तिला दिलेला पास मात्र एकही आठवत नाही.