पाटावरची रायफल

दसरा जवळ आला की ती घटना हटकून आठवते. लेस्टरमध्ये त्या दिवसांत झाडं पिवळी होतात, भर दुपारी उन्हाला संध्याकाळची कळा येते आणि हळदीकुंकू लावलेली ती रायफल माझ्यासमोर तरंगू लागते. इथल्या पोलिसातून निवृत्त होताना सगळं खात्यात जमा केलं, हा एक मुद्देमाल तेवढा डोक्यात राहिला.

खबर फोनवर आली. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर खंडेनवमीच्या पूजेचा फोटो पडला होता. पाटावर विळी, स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप आणि मधोमध झेंडूचा हार घातलेली लष्करी रायफल. शस्त्रं, अवजारं पुजायची ही आपली रीतच आहे. पण विनापरवाना शस्त्राला हार घालून त्याचा फोटो गावभर वाटणारा आरोपी मी उभ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. मराठी येतं म्हणून मला पाठवलं. सोबत शस्त्रविभागातली एक इंग्रज सहकारी होती.

दार सत्तरीच्या काकूंनी उघडलं. त्यांचे यजमान त्याच वर्षी वारले होते. फोटो टाकणारा मुलगा इथेच जन्मलेला, रीडिंगला आयटीत नोकरीला; सणासाठी आईकडे आला होता. नियमाप्रमाणे मी आधी बजावलं, तुम्ही बोललंच पाहिजे असं नाही.

"बरं, नाही बोलत," काकू म्हणाल्या. "पण बसा तरी. चहा टाकते."

लपवाछपवी करणारा माणूस जास्त आग्रह करतो, असं आम्हाला शिकवलं होतं. आपल्या लोकांत हा नियम कुचकामी आहे. निर्दोष माणूसही पोट फुटेस्तोवर खायला घालतो.

मुलगा घाबरून भडाभडा बोलत होता. "माझे आजोबा वॉरमध्ये होते ना, त्यांच्याकडे सेम रायफल होता. फॅक्टरीतल्या ओल्ड फ्रेंडनी बाबांना दिला. आर्मी सरप्लस. वी थॉट इट्स फाइन!"

फाइन नव्हतं. परवाना नाही, निकामी केल्याचा शिक्का नाही. फक्त बोल्ट जागेवर नव्हता. गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा तो लोखंडी तुकडा नसेल, तर रायफल चालत नाही.

"बोल्ट कुठे आहे?"

"नव्हताच कधी," मुलगा म्हणाला. काकू पदराचं टोक चुरगाळत राहिल्या.

मी स्पष्ट सांगितलं. रायफल आता जप्त होणार. पुढे ती नष्ट करायला द्यायची, की तज्ज्ञाकडून रीतसर निकामी करून परत घरी ठेवायची, ते तुम्ही ठरवा. पण घराची झडती होईल. बोल्ट लपवलेला निघाला, तर ही साधी चूक होती असं मला लिहिता येणार नाही.

"आपण डिॲक्टिव्हेट करू, आई. वॉलवर लावू. बाबांचा आठवण आहे."

काकू एकदम म्हणाल्या, "साखर संपलीय रे. कोपऱ्यावरून घेऊन ये जरा."

साखरेचा डबा माझ्यासमोर काठोकाठ भरलेला होता. मी सहकारिणीला खूण केली. ती मुलाबरोबर दुकानात गेली.

काकूंनी तांदळाचा डबा ओढला, कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेला बोल्ट माझ्यासमोर ठेवला. खिडकीतून ऊन येत होतं. त्यात तांदळाची पांढरी धूळ सावकाश उडत होती, आणि का कोण जाणे, मला वाटलं की या घरात आवाज चढवू नये.

"फॅक्टरी बंद झाली तेव्हा हे फार खचले. दिवस दिवस त्या रायफलीकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, 'माझा तुम्हाला नुसता भार.' दुसऱ्या दिवशी हे फिरायला गेल्यावर मी हा काढला. तेल घालताना हे तो कसा काढतात, ते कितीदा पाहिलं होतं."

"त्यांनी शोधला नाही?"

"विचारलंसुद्धा नाही. दसऱ्याला तिला हार घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, 'आज भात जरा जास्त टाक.'" त्या हसल्या आणि डोळे पुसले. "मग हळूहळू सावरले. मुलाला नका सांगू."

"जबाबात लिहावं लागेल, काकू. कागदावरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे."

मुलगा परतला. "आई, साखर तर फुल आहे!" म्हणता म्हणता त्याला टेबलावरचा बोल्ट दिसला. काकूंनी त्याला जवळ बसवून सगळं सांगितलं. त्याने साखरेची पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"मला का नाही सांगितला?"

"तुझी परीक्षा होती रे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "घेऊन जा. भिंतीवर नको मला ती." मुलाने मान डोलावली.

काकूंनी आपणहून सगळं दिलं, म्हणून वरिष्ठांनी खटला भरला नाही. रायफल नष्ट झाली. तोवर मला वाटायचं, आठवणीची वस्तू माणसं प्रेमापोटी जपतात. काही वस्तू भीतीपोटी जपल्या जातात, आणि त्यांच्यावर कुणीतरी वर्षानुवर्षं गुपचूप पहारा देत असतं, हे मी त्या घरात शिकलो. आता कुणाच्या घरात काही मिरवलेलं दिसलं, की मी आधी घरातल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघतो.

पुढच्या खंडेनवमीला मुलाने मला जेवायला बोलावलं. पाटावर विळी होती, लॅपटॉप होता, आणि मधोमध, कुंकू लावलेला, झेंडूचा हार घातलेला तांदळाचा डबा.

"काका, फोटो टाकू का ग्रुपवर?"

"टाक," मी म्हणालो.