वडिलांची काळी चार

माझे वडील काळी चारच्या खाली कधी गायलेच नाहीत, हे मी डाळजपासून इंदापूरपर्यंत इतक्या लोकांना सांगितलंय की आता त्यातले काहीजण आपण स्वतः ऐकल्याचं सांगतात. काळी चार म्हणजे पुरुषाच्या गळ्याला घाम फोडणारी पट्टी. त्यांनी भजनात सूर लावला की भिगवणच्या पाण्यावरचे रोहित पक्षी उठून पलीकडच्या काठाला जाऊन बसायचे. मी पाहिलेलं नाही. ते गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. त्यांची म्हणून माझ्याकडे एकच कॅसेट, घरीच टेपवर भरलेली. तिच्यावरून मी त्यांचा आवाज ओळखतो आणि त्याच पट्टीत भजनात गातो.

कॅसेट फारच घरघरायला लागली तेव्हा बारामतीला नेली. तिथं एक बाई जुनी रेकॉर्डिंगं साफ करून देतात. दोन खोल्या, भिंतींना गाद्या. गाद्या बघूनच मला शंका आली. ज्याला काही लपवायचं नाही तो भिंतीला गादी कशाला लावेल? आम्ही उसाची माणसं. गाडी वजनकाट्यावर चढली की चारी बाजूंनी फिरून, वाकून बघतो. कॅसेट ठेवून जायचा प्रश्नच नव्हता. स्टूल ओढून दिवसभर बसलो. फक्त एकदा लघवीला उठलो.

संध्याकाळी बाईंनी ऐकवलं. घरघर गेली होती आणि वडीलही गेले होते. त्यांच्या जागी कुणीतरी जाड, सावकाश गडी गात होता, नुकताच जेवून उठल्यासारखा.

"हा कोण?"

"तुमचे वडीलच, काका. भरताना टेप हळू फिरत होती. म्हणून नीट चालवली की आवाज पळतो, वर चढतो. मी तो मूळ वेगावर आणलाय."

पुरावा काय, तर कॅसेटमधली पेटी कुठल्याच पट्टीवर बसत नव्हती, काळी चारच्या जरा अलीकडे, दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळत होती. आता ती खाली काळी दोनवर बसते, घरी पेटी असेल तर लावून बघा, म्हणाल्या. मी मान हलवली, पण मनात ती लघवीची पाच मिनिटं मोजत होतो. तेवढ्यात माणसं काय काय करतात.

घरी येऊन वडिलांची पेटी काढली, मोबाईलवर बाईंनी साफ करून दिलेलं गाणं लावलं आणि काळी दोन दाबली. कुलपात किल्ली बसावी तसा सूर बसला. मग मला पेटीचाच संशय आला. दुरुस्तीला दोनदा इंदापूरला जाऊन आली होती. तिथं तिला कुणी काय शिकवलं असेल कोण जाणे.

आई भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. गाणं सुरू झालं तसे तिचे हात थांबले.

"आई, फसवलं आपल्याला. ह्यो आवाज त्यांचा न्हाय."

"ह्योच हाय," आई म्हणाली. "बसक्या गळ्याचं हुतं तुजं वडील."

मग सगळं बाहेर आलं. भजन भरायच्या दिवशी लाईट नव्हती आणि टेपचे सेल संपलेले. आईनंच ते पापडांशेजारी उन्हात वाळत घातले; उन्हानं सेलात जीव येतो म्हणून तेव्हा सगळेच घालायचे. जीव आला, पण अर्धाच. टेप रखडत फिरली. दुसऱ्या दिवशी लाईटवर लावली तर वडील बाहुलीसारखे चिरकले, आणि ते ऐकून ते स्वतःच हसून हसून लोळले.

"मग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? कळायला लागल्यापास्नं तू त्या कॅसेटीबरोबर वरडायचास. म्हटलं, बापाचं कायतरी घेतंय पोरगं, घेऊ दे."

म्हणजे माझ्यासाठी ती इतकी वर्षं त्या बाहुलीचं ऐकत राहिली होती. मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि हळूच, काळी दोनमध्ये, वडिलांबरोबर गायला लागलो.

"तू गप," आई डोळे मिटून म्हणाली. "त्यास्नी गाऊ दे."