बॉयलरला घातलेला हार

झेंडूच्या देठांचा उग्र वास हाताला लागला की मला नव्वदच्या दशकातली ती खंडेनवमी आठवतेच बघा. इंदापूर रस्त्यावरच्या एका दूध डेअरीत मी कॅन धुवायला होते. यंत्रांची पूजा झाली होती, पण दूध काही सण बघून थांबत नाही, म्हणून बॉयलर चालूच होता. एरवी जादा वाफ सोडताना तो मधूनमधून फुसफुसायचा. त्या दुपारी मात्र अगदी गप्प. नुसती भिंत थरथरत होती, आणि माझ्या कॅनमधलं पाणीही. वर बघते तर वाफ सोडणाऱ्या झडपेची दांडी हारासकट सुतळीनं आवळलेली! “मामा, ती सुतळी सोडा आधी,” मी बॉयलरवाल्याला ओरडून सांगितलं. मामा म्हणाले, “घातलेला हार दसऱ्यापातुर काढत न्हाईत. तू कॅन धू, देवाचं आमी बघतो.” तेवढ्यात क्वालिटीचे साहेब आले, वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडं बघून पांढरे पडले आणि त्यांनी स्वतःच सुतळी कापली. वाफ अशी किंचाळली की आम्ही सगळ्यांनी कानांवर हात दाबले. मग साहेबांनी त्यांच्या नव्या पद्धतीप्रमाणं, मूळ सापडेपर्यंत ‘का’ विचारायला घेतलं. झडप का उघडली नाही? सुतळी होती. सुतळी का? हार घसरत होता. हार तिथंच का? मामांनी हात जोडले. “त्या झडपेचा मान हाय, साहेब. आन आज त्या हारानंच वाचीवलं की आपल्याला. पुढच्या साली मोठा घालू.” सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी कापलेली सुतळी खिशात घातली आणि ते निघून गेले. आजही मला कुणी कारखान्यात पूजेला बोलावलं, तर मी प्रसाद दारातूनच घेते.