गिरणीवाल्या अक्कांची ग्वाही

देवपुरातल्या आमच्या गल्लीत कोणाचा मुलगा लग्नाचा झाला की सगळ्या गल्लीवर जबाबदारी येऊन पडायची. मुलीकडची माणसं आधी घरी येत नसत. पानाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, पिठाच्या गिरणीवर परस्पर चौकशी करून जात. अशा वेळी मुलाबद्दल सढळ हाताने चांगलं बोलायचं, हा आमच्याकडचा धर्मच. भाड्याचं घर स्वतःचं व्हायचं, हंगामी नोकरी पक्की व्हायची. याला कोणी खोटं म्हणत नसे. मुलीकडचेही आपल्या गल्लीत हेच करायचे, मग कोण कोणाला बोलणार?

माझा मोठा भाऊ आयटीआय करून घरी बसला होता. मी तेव्हा बारावीला. त्याची एका अणुवीज केंद्रात टेक्निशियन म्हणून निवड झाली. सरकारी नोकरीचं वय संपत आलं होतं, म्हणजे ही शेवटचीच संधी. फक्त पोलीस चौकशी बाकी होती. वडील म्हणाले, "त्यात काय? आपण कोणाच्या अध्यात ना मध्यात." भावाने नवीन पत्र्याची पेटीसुद्धा आणून ठेवली होती. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी समोरच्या गिरणीवाल्या अक्का पदराने तोंडावरचं पीठ पुसत घरात आल्या. आईला म्हणाल्या, "पुरन घाल वं बाई. तुना पोऱ्याले दखाले मानूस उना व्हता."

आई हरखली. भावाला बघायला मुलीकडून कोणी येऊन गेलं होतं तर! कोण, कुठले, किती जण आले होते, तिने विचारलं. एकच माणूस होता, अक्का म्हणाल्या. अंगाने उंच, चहा घेतला नाही, गिरणीतल्या पोत्यावर बसलासुद्धा नाही. पायात लाल बूट होते, चांगले चकचकीत.

वडील जेवत होते. त्यांचा हात ताटातच थांबला. सोयरिकीच्या चौकशीला एकटा माणूस कधी येतो का? आणि लाल बूट पोलीस घालतात, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अक्कांना मात्र बूट दिसले, पण आनंदात त्यांचा अर्थ लागला नसावा.

"अक्का, तुम्ही काय सांगितलं?" वडिलांनी हळूच विचारलं.

अक्कांनी सगळं सांगितलं, तेही अभिमानाने. "म्हनलं, पोऱ्या सोनाना शे. बठ्ठी गल्ली त्याना शबद मानस. मोर्चामा बठ्ठास्ना म्होरे ऱ्हास. लोकेस्नासाठे जेलमा बी जाई उना."

सगळी गल्ली ज्याचा शब्द मानते, मोर्चात जो सगळ्यांच्या पुढे असतो, आणि वर जेलमध्येही जाऊन आलेला! माझा भाऊ नळाच्या पाण्याच्या मोर्चाला एकदा गेला होता, तोही शेवटच्या रांगेत, आणि ऊन लागतंय म्हणून अर्ध्यातून परत आला होता. पण चार लोकांत वजन असलेला मुलगा म्हटलं की मुलीचा बाप खूश होतो, हे अक्कांना पक्कं माहीत. त्यांनी त्याला पार हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. आईने डोक्याला हात लावला. मला अक्कांचा असा राग आला की त्यांचं तोंड पाहवेना, आणि त्या तर चहाची वाट पाहत बसलेल्या.

भाऊ म्हणाला, आत्ताच पोलीस कचेरीत जाऊन साहेबांना सांगू. वडिलांनी अडवलं. आपण होऊन गेलो तर दाल में कुछ काला आहे असं वाटेल, म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. न जाणंही बरोबर नव्हतं. आम्ही नुसते पोस्टमनची वाट बघत बसलो.

पत्र आलं. निवड रद्द. कारण लिहिलेलं नव्हतं.

मग वडील अक्कांना घेऊन पोलीस कचेरीत गेले. बाईमाणूस सोबत हवं म्हणून मलाही नेलं. भाऊ आमच्या मागे मागे, बहुतेक लाजेने. अक्कांना आम्ही घरून पढवून नेलं होतं. त्यांनी साहेबांपुढे हात जोडले. "साहेब, मी खोटं बोलनू. पोऱ्या कधी जेलमा गया नही."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी अक्कांना खुर्ची दिली. मग वडिलांना म्हणाले, "बाई तेव्हा खोटं बोलल्या की आत्ता, हे मी कसं ठरवू? आत्ता तर तुम्हीच घेऊन आलात."

साक्षीला आम्ही दुसऱ्या कोणाचं नाव सांगितलं असतं, तरी ते आमच्याच गल्लीतलं निघालं असतं.

"मग आम्ही कोणाला भेटायचं?" भावाने विचारलं.

"रिपोर्ट वर गेला. पुढे कोण बघतं, ते मलाही माहीत नसतं," साहेब म्हणाले.

आम्ही पांझरेच्या पुलावरून चालत परत निघालो. वडील पुढे गेले होते. मला रडायला येत होतं, पण कोणावर चिडून रडायचं, तेच कळत नव्हतं. अक्कांनी भावाचा हात धरला होता. पूल संपता संपता त्यांनी त्याला विचारलं, "भाऊ, मंग ती पोर कोठली व्हती रे?"

भाऊ म्हणाला, "लांबची होती, अक्का. तिला दुसरीकडे दिली."