दोन बंद गल्ल्यांमधलं फाटक

वेलिंग्टनला आल्यावर पहिली तीन वर्षं आम्ही जॉन्सनव्हिलच्या जुन्या भागात भाड्यानं राहिलो. रस्ते अरुंद, चढउताराचे. पण एक रस्ता दुसऱ्याला मिळायचा, आणि मिळत नसे तिथे घरांच्या मधून पायऱ्या असायच्या. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली. तिला गाडी येत नव्हती, इंग्रजीही बेताचंच. तरी पंधरा दिवसांत ती लायब्ररीत, स्टेशनवर एकटी जाऊ लागली. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, म्हणून पहिल्याच दिवशी तिथे चक्का मागून आली.

मग आम्ही घर घेतलं, आणखी उत्तरेला, डोंगर कापून आखलेल्या नव्या वसाहतीत. आमची गल्ली टोकाला बंद होती. एजंट म्हणाला, परकी गाडी येणार नाही, मुलं रस्त्यावर खेळतील. ते खरंच होतं. मुलगी त्याच गल्लीत सायकल शिकली.

आई दुसऱ्यांदा आली ती या घरी. सकाळी आम्ही दोघं गाडीनं निघालो की ती आणि गप्प घर. मागच्या कुंपणापलीकडे फिजीहून आलेलं एक भारतीय कुटुंब राहायचं. तिथल्या आजी कपडे वाळत घालायला येत, तेव्हा आई उलट्या बादलीवर उभी राहून त्यांच्याशी बोलायची. एकीचं हिंदी पुण्याचं, दुसरीचं फिजीचं. चार दिवसांत दोघी आपापल्या सुनांबद्दल बोलू लागल्या, असं बायकोचं म्हणणं.

एके दिवशी आजींच्या सुनेनं कुंपणावरूनच सांगितलं की त्या पडल्यात, पायाला प्लास्टर घातलंय. दुसऱ्या दिवशी आईनं मुगाची खिचडी केली, डबा भरला आणि रस्त्यानं निघाली. कुंपणातून वीस पावलांवर असलेलं घर रस्त्यानं अडीच किलोमीटर होतं: गल्ली उतरायची, मोठ्या रस्त्यानं राउंडअबाउटला वळसा घालायचा, पुन्हा चढायचं. वर सारख्या दिसणाऱ्या पाच गल्ल्या, पाचही बंद.

दुपारी ऑफिसात मला एका अनोळखी बाईंचा फोन आला. तुमची आई माझ्या दारासमोर बसली आहे, म्हणाल्या. आईनं पिशवीतली माझ्या नंबराची चिठ्ठी त्यांना दाखवली होती. ट्रेननं जॉन्सनव्हिल, तिथे स्टेशनवर ठेवलेल्या गाडीनं पुढे, मी पोचेपर्यंत तास गेला. आई त्यांच्या पायरीवर चहा पीत होती. खिचडी गार झाली होती.

"तिचं घर मला दिसत होतं," गाडीत बसल्यावर ती म्हणाली. "प्रत्येक गल्लीतून दिसत होतं. पण रस्ता तिथवर जातच नव्हता."

ही गल्ली मीच पसंत केली होती. मग तिला तशीच आजींकडे नेलं.

त्या शनिवारी आजींच्या मुलानं करवत आणि बिजागऱ्या आणल्या. कुंपण दोन्ही घरांच्या सामाईक मालकीचं, त्यामुळे विचारायचं आम्ही एकमेकांनाच. जेवायच्या आत फाटक बसलं. आई रोज दुपारी पलीकडे जाऊ लागली. मलाही फायदा झाला: त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बसस्टॉप होता, तो मला सात मिनिटांवर आला. हे कळल्यावर शेजारची शाळेत जाणारी दोन मुलं फाटकातून जाऊ का, असं विचारायला आली, मग आणखी एक गृहस्थ. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून परकी माणसं जायला लागली, तेव्हा बायको वैतागली. शेवटी मुलांना हो म्हटलं, त्या गृहस्थांना नाही. ते नंतर महिनाभर माझ्याकडे बघत नव्हते.

दोन वर्षांनी ते कुटुंब घर विकून ऑकलंडला, पापाटोएटोला गेलं. नव्या मालकांचा कुत्रा मोठा होता. त्यांनी नम्रपणे फाटक बंद करायला सांगितलं, आणि मी स्क्रू मारले. बसस्टॉप पुन्हा लांब गेला. मी पुन्हा गाडीनं स्टेशनला जाऊ लागलो.

आई तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं पापाटोएटोला न्यायला लावलं. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची किल्ली शोधत होतो. आजींची सून म्हणाली, त्या दोघी केव्हाच चालत बाजारात गेल्या. दीड तासानं परतल्या, हातात मेथीच्या जुड्या. दुकानं सरळ रस्त्यावर होती, आईनं सांगितलं, कोणाला विचारावं लागलं नाही.